सफरचंदांच्या बागेचा नकाशा

१

मंगळवारी, १ ऑक्टोबर १९८५ रोजी, दुपारी एक वाजता ब्रिंकरहोल्ट मॅनर या आता संग्रहालय झालेल्या जुन्या वाड्याच्या दक्षिणेकडच्या दिवाणखान्यातली काचेची पेटी फुटलेली आढळली. पेटीत १७९४ साली हाताने काढलेला एक नकाशा होता. तो नव्हता.

हा नकाशा तीन आठवड्यांपूर्वीच उजेडात आला होता. वरच्या मजल्यावरच्या मोठ्या कपाटात, खणाला अस्तर म्हणून कुणीतरी तो पालथा घातला होता. घरामागच्या उतारावर, जिथे आता सफरचंदांची बाग आहे, तिथे त्यात तेवीस फुल्या होत्या आणि प्रत्येक फुलीशेजारी एक नाव. डायन, सीझर, क्वाको, बेट. एकालाही आडनाव नाही. शाई इतकी उडाली होती की फोटोत नुसता तपकिरी कागद आला. त्यामुळे गावच्या नियोजन मंडळाने मूळ नकाशाच समोर आणा, असं कळवलं होतं. गुरुवारी पाच वाजता मंडळ बसणार होतं. पर्यटकांच्या बससाठी त्या बागेत पार्किंग करायचं की नाही, एवढाच प्रश्न होता. परवानगी मिळाली तर सोमवारी बुलडोझर येणार होते.

फुटलेली पेटी पाहिली ती लुएला ब्रिंकरहोल्टने. अठ्ठावन्न वर्षांची लुएला मॅनरमध्ये गाइड होती आणि बाहेरच्या जुन्या स्वयंपाकघरात चुलीवर रांधून दाखवायची. मॅनरच्या मालकांचं हे आडनाव आपल्या गुलाम पूर्वजांना कसं मिळालं ते ती प्रत्येक फेरीत पर्यटकांना सांगे. तेव्हा निदान एक तरी पर्यटक छताच्या तुळया न्याहाळू लागे. बेट ही तिच्या पणजीची आजी.

लुएलाने आधी संचालकांना सांगितलं नाही. तिने ऑगस्टा टेरविलिगरला फोन केला.

२

राज्याच्या कायद्याने प्रत्येक गावाला एक नेमलेला इतिहासकार असतो. क्लोव्हरकिल गावात हे पद एकाहत्तर वर्षांच्या ऑगस्टाकडे होतं. त्याआधी एकतीस वर्षं ती एका दैनिकात इतरांच्या बातम्या तपासत होती. कुठल्याही खुर्चीत ती पाच मिनिटांपेक्षा जास्त टिकत नसे.

ती पोचली तेव्हा पोलीस येऊन गेला होता. जेवणाच्या सुट्टीत दार उघडं होतं, कुणी टवाळ पोरगं आत शिरलं असेल, असं त्याचं मत होतं.

"तू आलीस तेव्हा नेमकं काय दिसलं?" ऑगस्टाने विचारलं.

"काहीच नाही. अंधार होता. बुटाखाली काच करकरली, तेव्हा जाऊन झडपा उघडल्या."

"झडपा बंद होत्या?"

"तिन्ही खिडक्यांच्या. बारा वाजता जाताना मी उघड्या टाकून गेले होते. भर उन्हात. उन्हाने वस्तू विटतात म्हणून जपणाऱ्या हेस्टरला कळलं तर आठवडाभर बोलणार नाही माझ्याशी."

ऑगस्टाने चष्मा लावला आणि पेटीवर वाकली. पेटीचं झाकण काचेचं होतं आणि त्याला कुलूप होतं. कुलूप अजून लागलेलंच होतं, काच मधोमध फोडलेली. आत पांढऱ्या कापडाचं अस्तर आणि नकाशाचे चार कोपरे धरून ठेवायला शिवलेल्या चार पट्ट्या. काचेचे तुकडे सगळ्या अस्तरावर पसरले होते. पट्ट्यांच्या बाहेर जेवढे, तेवढेच आत.

ती पेटीभोवती दोनदा फिरली. मग तिसऱ्यांदा.

"गरगरायला होतंय मला," लुएला म्हणाली. "काय ते सांग तरी."

"इथे हात लावू नकोस. कुणालाही लावू देऊ नकोस."

"हे वाक्य या घरात मी दिवसातून चाळीस वेळा म्हणते. मला काय शिकवतेस." मग तिचा आवाज खाली आला. "ऑगस्टा, गुरुवारी माझ्या हातात काही नसलं तर ते माझ्या माणसांवर डांबर ओततील."

३

संचालक प्रेस्टन केम्पर पूर्वी हॉटेलं चालवायचे. मॅनरमध्ये येऊन त्यांना दोन वर्षं झाली होती. ऑगस्टाला घेऊन ते जेवणघरात आले आणि आधी दोन्ही खिडक्यांच्या झडपा धाडधाड उघडल्या. सगळं ऊन टेबलावर पडलं.

"गुदमरायला होतं इथे. बसा ना, टेरविलिगरबाई."

"उभीच बरी आहे. बारा ते एक तुम्ही कुठे होतात?"

"ऑफिसात. बस कंपनीशी फोनवर. पण तुम्ही चुकीच्या माणसाला विचारताय. नकाशा होता तेव्हा पेपरवाल्यांनी चार ओळी छापल्या. आता चोरीला गेल्यावर पहिलं पान देतील. यात फायदा कुणाचा? लुएलाचा."

"गुरुवारी मूळ नकाशा नसेल तर ती हरते."

"गुरुवारी साडेचारला तो 'सापडेल', बघा तुम्ही. कॅमेऱ्यांसमोर."

"पेटीच्या किल्ल्या किती?"

"दोन. एक माझ्या खिशात, एक हेस्टर व्रूमनच्या पट्ट्याला. रात्रीसुद्धा ती पट्टा काढत नसेल बहुतेक. पण किल्लीचा काय संबंध? काच फोडलीय."

तेवढ्यात दारातून एक करड्या केसांची, बारीक बाई आत आली. दोघांपैकी कुणाकडेही न बघता तिने एकामागून एक झडपा ओढून घेतल्या आणि ती निघून गेली. केम्पर अंधारात हसले.

"हीच ती हेस्टर. मी उघडतो, ती लावते. दोन वर्षं चाललंय. माझ्या तर लक्षातही राहत नाही."

४

थॅडियस ब्रिंकरहोल्ट बागेतल्या बाकावर सफरचंद खात बसला होता. वय सहासष्ट. याच घरात जन्मला. त्याच्या वडिलांनी घर विश्वस्तांच्या हवाली केलं आणि आता तो स्वतः त्या विश्वस्तांपैकी एक होता. ऑगस्टा आणि तो एका शाळेत शिकले होते.

"संशयित म्हणून आलीस की पाहुणी म्हणून?" त्याने विचारलं.

"संशयित तू आहेस. बारा ते एक?"

"इथेच. साक्षीदार दोन खारी. माझ्याकडे ना किल्ली, ना कारण. म्हणजे कारण आहे म्हणा." त्याने सफरचंद बाजूला ठेवलं. "ही झाडं माझ्या आजोबांनी लावली. त्यांनी थडग्यांवर लावली, हे गावासमोर वाचून दाखवतील तेव्हा मी कुठे बघायचं?"

"मग नकाशा गेला ते बरं झालं?"

"पहिल्यांदा ऐकलं तेव्हा बरं वाटलं. मग तसं वाटलं म्हणून जेवण गेलं नाही."

ऑगस्टा त्याच्यासमोर येरझाऱ्या घालत होती. उताराच्या मधोमध गवताचा एक सरळ पट्टा इतर गवतापेक्षा हिरवा होता. तिने पायाने तो दाखवला.

"हे काय?"

"शहात्तर सालचं. देशाला दोनशे वर्षं झाली म्हणून पर्यटकांची रीघ लागली होती. त्यांच्यासाठी स्वच्छतागृहं बांधली, त्यांचा नळ इथून गेला. हेस्टर आठवडाभर खंदकाच्या कडेला उभी होती. जमिनीतून काही निघालं तर जपायला."

"निघालं?"

"गुरांची हाडं म्हणाली. का गं?"

ऑगस्टा तोपर्यंत उतारावरून अर्ध्यात खाली गेली होती.

५

हेस्टर व्रूमनची खोली माळ्याच्या जिन्याशी होती. घरातल्या एकूण एक वस्तूची नोंद ती सव्वीस वर्षं ठेवत आली होती. टेबलावर चार पेन्सिली ओळीत होत्या. बोलता बोलता ती त्यांची ओळ पुन्हा पुन्हा सरळ करत होती.

"मी इथेच होते," ती म्हणाली. "हवेतला दमटपणा लिहीत होते. बारा वाजता बावन्न टक्के."

"काच फुटल्याचा आवाज?"

"भिंती दोन फूट जाड आहेत."

"कुणी केलं असेल, तुझा अंदाज?"

"माझं काम वस्तूंचं आहे. माणसांचा अंदाज बांधायला मला जमत नाही." एक पेन्सिल जरा कलली होती, ती तिने सरळ केली. "ज्याने कुणी नेला, त्याने तो सपाट ठेवला असू दे म्हणजे झालं. घडी पडली की तो तिथेच फाटेल."

"फाडून टाकला असेल तर?"

"नाही." हेस्टरने फार लवकर उत्तर दिलं. मग म्हणाली, "म्हणजे, मला तशी आशा आहे."

६

बुधवारी मॅनर पर्यटकांसाठी बंद असतं. सकाळी नऊ वाजता लुएलाच्या हातात केम्पर यांची चिठ्ठी पडली. चौकशी पूर्ण होईपर्यंत तिने कामावर येऊ नये. दहा वाजता ऑगस्टा आली तेव्हा लुएला बाहेरच्या स्वयंपाकघरातून आपली भांडी खोक्यात भरत होती. कढई तिची स्वतःची होती.

"म्हणजे उद्या मी मंडळासमोर उभी राहणार ती चोर म्हणून," ती म्हणाली. "पुरावा हरवलेली बाई नव्हे. पुरावा लपवलेली बाई."

"केम्परला तसंच दिसायला हवं आहे."

"दिसतंयच तसं. मीही त्या मंडळात असते तर मला हाकललं असतं." तिने कढई खोक्यात दणकन ठेवली. "आणि आज म्हणे हेस्टरलासुद्धा माझी गरज नाही. महिन्याचा पहिला बुधवार ना. आठ वाजता गेले गालिचा फिरवायला."

"कुठला गालिचा?"

"दिवाणखान्यातल्या टेबलावरचा. इथले जुने डच लोक गालिचा जमिनीवर कुठे टाकत होते, पायाखाली घालायला जीव होत नसे त्यांचा. खिडकीकडच्या बाजूचा रंग उडू नये म्हणून दर महिन्याला आम्ही तो उलट दिशेला फिरवतो. जड आहे, दोघी लागतात. तर म्हणाली, या महिन्यात राहू दे." लुएलाने नाक उडवलं. "तिची आई गेली ना, त्याच्या दुसऱ्या दिवशीसुद्धा फिरवला होता आम्ही. वादळात वीज गेली तेव्हा मेणबत्ती लावून. आणि आज राहू दे."

ऑगस्टा दाराच्या चौकटीला धरून थांबली. सकाळपासून पहिल्यांदाच तिचे पाय एका जागी होते.

"तू घरी जा," ती म्हणाली. "फोनजवळ थांब."

७

दिवाणखान्यात अंधार होता. हेस्टर पेटीतले काचेचे तुकडे चिमट्याने एकेक करून डब्यात टाकत होती.

"काच फुटली तेव्हा नकाशा पेटीत नव्हता," ऑगस्टा म्हणाली. "असता तर तुकडे नकाशावर पडले असते आणि नकाशाबरोबर निघाले असते. त्याच्या खालचं कापड कोरं राहिलं असतं. पण तिथेही तेवढेच तुकडे आहेत. म्हणजे आधी कुलूप उघडलं, नकाशा काढला, पुन्हा कुलूप लावलं आणि मग काच फोडली. बाहेरच्या माणसाने केलंय असं वाटावं म्हणून. किल्ल्या दोन. तुझी आणि केम्परची."

चिमटा थांबला नाही.

"लुएलाने उघड्या ठेवलेल्या झडपा त्या तासाभरात कुणीतरी बंद केल्या. चोराला उजेड हवा असतो. केम्परला तर झडपांची शुद्धच नसते, काल मी ते पाहिलं. चोरी करताना सुद्धा ऊन आत येतंय म्हणून ज्याला राहवलं नाही, असं माणूस या घरात एकच आहे."

हेस्टरने चिमटा खाली ठेवला.

"आणि तू तो जाळलेला नाहीस," ऑगस्टा म्हणाली. "तुझ्याने ते होणार नाही. माळ्यावर उकडतं, तळघरात ओल आहे. सपाट, अंधारी, कोरडी आणि पाहुणे हात लावणार नाहीत अशी जागा म्हणजे हे टेबल. तू आज गालिचा फिरवला नाहीस, कारण त्याचं दुसरं टोक लुएलाने उचललं असतं. तू हे टोक धर. मी ते धरते."

दोघींनी गालिचा उचलला. पातळ कागदाच्या दोन थरांमध्ये नकाशा होता. एक कोपराही दुमडलेला नव्हता.

"शहात्तर साली निघालेली हाडं गुरांची नव्हती," ऑगस्टा म्हणाली.

हेस्टरने मान डोलावली. बोलली तेव्हा ती नकाशाकडेच बघत होती. "तिसऱ्या दिवशी एक कवटी आली. लहान. मजूर जेवायला गेले होते. दोन आठवड्यांत उद्घाटन होतं, राज्यपाल येणार होते. मी काम थांबवलं असतं तर राज्याकडून मिळणारे आमचे पैसे गेले असते. मी सगळं उचललं, पुसलं, चार खोक्यांत ठेवलं. नंबर घातले. लेबलवर लिहिलं, गुरांची हाडं. मग नऊ वर्षं रोज त्या खोलीत बसले. हा नकाशा निघाला तेव्हा मी नळाची रेघ त्यावर मनातल्या मनात ओढली. सात फुल्यांवरून जाते. डायन, क्वाको. बेट पण."

बाहेर कुणाची तरी गाडी आली आणि गेली.

"तू नकाशा मंडळाला दे," हेस्टर म्हणाली. "कपाटामागे सापडला म्हण. बाग वाचेल. खोक्यांचं कुणाला कळायची गरज नाही."

"कुठे सापडला ते मी खरं सांगणार. खोक्यांचं तू सांगायचं. उद्या पाचच्या आत, लुएलाला, स्वतः. नाहीतर मी सांगेन."

८

गुरुवारी पाच वाजता अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये शंभर खुर्च्या मांडल्या होत्या आणि लोक भिंतींनाही टेकून उभे होते. लुएला पहिल्या रांगेत. हेस्टर शेवटच्या. दोघींमध्ये अजून एक शब्दही झाला नव्हता. ऑगस्टा मागच्या दाराशी उभी होती, दर मिनिटाला घड्याळ बघत.

तिने नकाशा मंडळापुढे ठेवला. तो टेबलावरच्या गालिच्याखाली मिळाला, असं सांगितलं. केम्पर वळले आणि लुएलाकडे बघून त्यांनी भुवई उडवली. हॉलमध्ये कुजबुज पसरली.

मॅनरच्या विश्वस्तांचे वकील सावकाश उठले.

"नकाशा खरा आहे, मान्य," ते म्हणाले. "पण त्यात थडगं असा शब्द नाही. फुल्या आहेत. तेव्हाही तिथे झाडं असतील. राबणाऱ्यांना एकेक झाड सांभाळायला वाटून दिलं असेल, म्हणून शेजारी नावं. नऊ वर्षांपूर्वी तिथे खंदक खणला तेव्हा माणसाचं एक हाड तरी निघालं का? मॅनरची कागदपत्रं म्हणतात, निघालं नाही."

अध्यक्षांनी लुएलाकडे पाहिलं. "तुमच्याकडे आणखी काही आहे?"

"माझ्याकडे माझी आजी सांगायची ते आहे," लुएला म्हणाली. "ती मला त्या उतारावर पळू द्यायची नाही."

"ते नोंदीत घेता येणार नाही, बाई."

लुएला खाली बसली. ऑगस्टाने दार सोडलं आणि दोन पावलं पुढे टाकली. तेवढ्यात शेवटच्या रांगेत खुर्ची सरकल्याचा आवाज झाला.

"ती कागदपत्रं मी लिहिली आहेत," हेस्टर व्रूमन उभी राहून म्हणाली. "ती खोटी आहेत."

मग तिने नंबर सांगितले. ७६.४१ ते ७६.४४. प्रत्येक खोक्यात काय आहे, खंदकात किती खोलीवर मिळालं, शवपेटीचे खिळे किती, लहान हाडं कुठल्या खोक्यात. आवाज न चढवता, दमटपणा वाचून दाखवावा तशी ती बोलत राहिली. मंडळातल्या एका सभासदाने पेन खाली ठेवलं. शेवटी ती म्हणाली, नकाशाही मीच लपवला, लुएलाने नव्हे. आणि बसली.

परवानगी सात विरुद्ध शून्य मतांनी नाकारली गेली. थॅडियस ब्रिंकरहोल्ट मधल्या रांगेतून उठला, टोपी हातात घेऊन लुएलापर्यंत आला. लुएलाने त्याला बाजूला सारलं आणि सरळ शेवटच्या रांगेशी गेली.

"उद्या आठ वाजता," ती हेस्टरला म्हणाली.

९

शुक्रवारी आठला पाच मिनिटं कमी असताना लुएला माळ्याचा जिना चढली. ऑगस्टा खालच्या पायरीवर थांबली. वर जायला तिला कुणी सांगितलं नव्हतं.

चारही खोकी टेबलावर होती. जुनी लेबलं खरवडून काढली होती, नवी अजून लावली नव्हती. हेस्टर राजीनामा देऊन मोकळी झाली होती, तरी ती आलेली होती.

"बेट कुठल्या खोक्यात?" लुएलाने विचारलं.

"नक्की सांगता येणार नाही. नकाशावरून अंदाज केला तर तिसऱ्या. पण तो अंदाजच."

"सव्वीस वर्षं आपण एका टेबलावर जेवलो, हेस्टर."

"हो."

"शहात्तरनंतर नऊ वर्षं. माझ्या डोक्यावर ही खोकी होती आणि खाली मी लोकांना सांगत होते, आमची माणसं कुठे पुरली ते कुणाला माहीत नाही. तू जिन्यावरून ऐकायचीस."

"हो."

हेस्टरने खण उघडला. पांढऱ्या सुती हातमोज्यांची एक कोरी जोडी काढली आणि लुएलापुढे धरली. सव्वीस वर्षांत या टेबलावरच्या वस्तूला हातमोज्यांशिवाय कुणी हात लावला नव्हता.

लुएलाने हातमोज्यांकडे पाहिलं. मग तिसऱ्या खोक्याचं झाकण काढून बाजूला ठेवलं, वरचा पातळ कागद उलगडला आणि उघडा तळवा आत टेकवला.

हेस्टरने मोजे पुन्हा खणात ठेवले आणि खण हळूच, आवाज न होऊ देता लावून घेतला.